प्रश्न वाचकांचे : चटकन निघणारा, पण आपोआप न सुटणारा कॅमेऱ्याचा पट्टा

प्रश्न : मी खानापूर तालुक्यात लग्ने आणि यात्रांचे छायाचित्रण करतो. एक कॅमेरा मोठ्या लेन्ससह खांद्याला आणि दुसरा हातात असतो. ट्रायपॉडवर चढवताना पट्टा आड येतो, म्हणून चटकन काढता-घालता येणारा पट्टा घ्यावयाचा आहे. प्रत्येक पट्ट्यावर ‘इतके किलो पेलतो’ असे छापलेले असते. त्यावर विसंबावे का?
– एक वाचक, खानापूर

उत्तर : त्या आकड्यावर निवड करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पीक डिझाइन या कंपनीच्या दोरीच्या जोडकड्या (कॅमेऱ्याला बांधायची छोटी दोरी आणि तिच्या टोकाची, पट्ट्याच्या खटक्यात बसणारी चकती) ९० किलोपर्यंतचा भार पेलतात असे कंपनी सांगते. आपल्याकडची फुल-फ्रेम (मोठ्या सेन्सरची) बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, सुमारे ९०० ग्रॅमची आणि ७०-२०० एफ/२.८ ही मोठी झूम लेन्स सुमारे दीड किलोची धरली, तरी एकूण भार अडीच किलोच्या आसपासच राहतो. कॅमेरा पडतो तो बहुधा पट्टा तुटल्यामुळे नव्हे, तर खटका नकळत उघडल्यामुळे, दोरी झिजल्यामुळे किंवा तळाचा स्क्रू सैल झाल्यामुळे. म्हणून पट्टा आणि कॅमेरा यांच्यामधला प्रत्येक जोड स्वतंत्रपणे पाहावा.

खटका उघडण्यासाठी दोन वेगळ्या हालचाली कराव्या लागत असतील, तर तो गर्दीत अपघाताने उघडण्याची शक्यता फार कमी होते. पीक डिझाइनच्या पद्धतीत दोरीला असलेली गोल चकती स्प्रिंगविरुद्ध आत दाबून मगच खाचेतून सरकवावी लागते. बेळगावच्या शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीत खांद्याला खांदा लागतो, तेथे हा गुण मोलाचा ठरतो. दप्तराच्या बकलासारखे दोन्ही बाजूंनी दाबून उघडणारे प्लॅस्टिकचे खटकेही वाईट नसतात, मात्र त्यांच्या जिभांच्या मुळाशी पांढुरकी रेघ दिसू लागली की प्लॅस्टिक थकले असे समजून ते बदलावेत. ब्लॅकरॅपिडसारख्या पट्ट्यात कॅमेऱ्याच्या तळाशी स्क्रू आणि त्यात अडकवलेली कडी असते. अशी कडी घ्यायची तर तिच्या तोंडावर कुलूप हवेच.

तळाच्या स्क्रूबद्दल थोडे विस्ताराने सांगणे आवश्यक आहे, कारण बॉडीचे कायमचे नुकसान होण्याचा धोका येथे आहे. ट्रायपॉडचा स्क्रू पाव इंच व्यासाचा, म्हणजे ६.३५ मिलिमीटरचा असून त्याला इंचाला २० आटे असतात. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा एम-६ स्क्रू डोळ्यांना तसाच दिसतो, पण तो ६ मिलिमीटरचा आणि १ मिलिमीटर अंतराच्या आट्यांचा असल्यामुळे नीट धरत नाही आणि आतले आटे खराब करतो. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतील एखाद्या कारागिराकडून लेथवर स्क्रू करून घेणार असाल, तर आट्यांचे हे माप सांगावेच, शिवाय लांबीही मर्यादित ठेवावी, कारण फार लांब स्क्रू बॉडीचा तळ फोडू शकतो. प्रत्येक कार्यक्रमापूर्वी स्क्रू हाताने तपासावा आणि बॉडीच्या कानाला (पट्टा अडकवण्याच्या जागेला) एक वेगळी सुरक्षा दोरी बांधावी. जड लेन्सला स्वतःची ट्रायपॉड कडी असेल, तर पट्टा बॉडीऐवजी तेथे जोडावा. त्यामुळे लेन्स-माउंटवरचा, म्हणजे लेन्स बॉडीला जिथे बसते त्या जोडावरचा, ताण कमी होतो.

आपल्या भागात धूळ आणि ओल यांचाही विचार करायला हवा. सौंदत्तीच्या यल्लम्मा यात्रेत उधळलेला भंडारा बारीक असतो आणि खटक्याच्या खाचेत जाऊन बसला की चकती पूर्ण आत जात नाही. वरवर बसल्यासारखी वाटते, एवढेच. म्हणून चकती बसवल्यावर ‘टक्’ असा आवाज ऐकावा आणि कॅमेरा सोडण्यापूर्वी एकदा खाली ओढून पाहावे. घरी आल्यावर कोरड्या ब्रशने खाच साफ करावी. तेल घालू नये, कारण तेलावर धूळ अधिक चिकटते. जांबोटी-चोर्ल्याच्या पावसात भिजलेला पट्टा बॅगेत गुंडाळून न ठेवता सावलीत वाळवावा. पीक डिझाइनच्या दोरीचे वरचे काळे आवरण झिजून आतला पिवळा किंवा लाल धागा दिसू लागला, तर ती दोरी त्याच दिवशी काढून टाकावी. बॉडीच्या कानातल्या त्रिकोणी कडीची धार दोरी कापत नाही ना, हेही पाहावे.

आपल्या कामासाठी मी दोन हालचालींचा खटका आणि लेन्सच्या कडीला एक जोड, अशी रचना निवडली असती. पट्ट्याची रुंदी आणि गादी ही सोयीची बाब आहे. ती दुकानात खांद्यावर घालून ठरवावी. नवा पट्टा प्रथम घरी अंथरुणाच्या गादीवर धरून, कॅमेऱ्याइतक्या वजनाची पिशवी लावून, झटके देऊन पाहावा.

प्रश्न : एका कंपनीच्या पट्ट्याला दुसऱ्या कंपनीच्या स्वस्त चकत्या चालतात का?
– एक वाचक, निपाणी

उत्तर : चालवू नयेत. चकतीची जाडी किंचित कमी असली तरी ती खाचेत सैल बसते, आणि हे फरक डोळ्यांना दिसत नाहीत. चकती आणि खटका एकाच कंपनीचे, आणि बिलासह घ्यावेत.