चुकीची उत्तरं आधी मागव

प्रिय सर,

(आता तूही सर झालास, तेव्हा असं म्हणायची सवय मला करायला हवी.)

विद्युत परिपथावरचे तुझे व्हिडिओ पाहिले. आवाज स्वच्छ, फळा नीट दिसतो, मांडणी चोख. पण पाऊण तासाचा व्हिडिओ मोबाइलवर सलग कोण बघणार? एडेक्स या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळावर व्हिडिओ बघण्याच्या लाखो सत्रांचा अभ्यास २०१४ साली झाला. व्हिडिओ कितीही लांब असला तरी बघणारे साधारण सहा मिनिटांपुढे टिकत नाहीत, असं त्यात दिसलं.

तुकडे कर, हे तुला कोणीही सांगेल. मला सांगायचंय ते वेगळं. ऑनलाइन भाग आपण आपल्याच बोलण्याने भरून टाकतो. तो मुलांच्या उत्तरांसाठी मोकळा ठेव. सोमवारी अकराला तास असेल, तर ती काय समजून बसली आहेत हे रविवारी रात्रीच तुझ्या हाती यायला हवं.

तुझाच विषय घे. एका बॅटरीला दोन सारखे बल्ब एकसर, म्हणजे एकापुढे एक, जोडलेत. दुसरा पहिल्यापेक्षा मंद लागेल का? लागतात दोन्ही सारखेच, पण बारावीला चांगले गुण पडलेली मुलंसुद्धा 'हो' म्हणतात. त्यांच्या मते पहिला बल्ब थोडी धारा (वीजप्रवाह) खातो आणि उरलेली पुढे जाते. ही समजूत जगभर सापडते, आणि गणितं सोडवताना ती बाहेरच येत नाही. सूत्रात आकडे घातले की मुलगा मोकळा.

हा एकच प्रश्न गूगल फॉर्मवर टाक. खाली 'असं का वाटतं?' एवढं विचार. मराठीत, इंग्रजीत, मोडकंतोडकं, कसंही लिहू दे. गुण उत्तर दिल्याचे ठेव, बरोबर आल्याचे नकोत. नाहीतर सगळे वर्गातल्या हुशार मुलाचं उतरवतील. तासाआधी ती कारणं वाच आणि दोन-तीन, नाव न घेता, पडद्यावर लाव. ही रीत जुनीच आहे. वेब नुकतं आलं होतं त्या १९९०च्या दशकातच अमेरिकेतले भौतिकशास्त्राचे शिक्षक ती वापरू लागले होते.

मग सिम्युलेशन, म्हणजे पडद्यावरचा आभासी प्रयोग. कोलोरॅडो विद्यापीठाचं 'फेट' हे अशा प्रयोगांचं संकेतस्थळ भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये सुरू केलं, नोबेल मिळाल्याच्या दुसऱ्याच वर्षी. त्यातल्या परिपथाच्या संचात इलेक्ट्रॉन तारेतून सरकताना दिसतात. बल्बच्या अलीकडे-पलीकडे त्यांचा वेग तोच, हे बघून वर्गात कुजबुज सुरू होते. शॉर्ट सर्किट केलं की बॅटरी पेटते. मुलं ते करणारच, करू दे. मात्र अंदाज नोंदवून होईपर्यंत लिंक देऊ नकोस. अंदाज न मागता नुसता प्रयोग दाखवला तर फारसं काही पदरात पडत नाही, हे हार्वर्डमधल्या २००४च्या एका अभ्यासात दिसलेलं आहे.

कोलोरॅडोतच, सिम्युलेशनवर शिकलेली मुलं खऱ्या तारा जोडण्यातही सरस ठरली, असा २००५चा अभ्यास आहे. तुमच्या विभागप्रमुखांना तो दाखवू नकोस, नाहीतर उद्या प्रयोगशाळेला कुलूप लागेल! सिम्युलेशनमध्ये तार सैल पडत नाही, टोकांवर गंज चढत नाही. प्रॅक्टिकलचा तास हातचा सोडू नये, असं माझं मत.

बाकी किरकोळ. कॅमेऱ्याची सक्ती करू नकोस. कित्येकांचं घर एका खोलीचं असतं. व्हॉट्सॲप ग्रुपवर मुलींचे नंबर सगळ्यांना दिसतात, म्हणून सूचना गूगल क्लासरूमवरच दे. ज्यांचा डेटा दुपारीच संपतो त्यांच्यासाठी नुसता ऑडिओ आणि फळ्याचे फोटो ठेव. चॅटजीपीटीने लिहिलेला गृहपाठ आला तर आरडाओरड नको. त्यातली एक ओळ दाखव आणि 'हे कसं आलं?' विचार. दोन मिनिटांत कळतं.

तू तासिका तत्त्वावर आहेस. रात्री फॉर्म वाचण्याचे पैसे कोणी देत नाही, हे मला माहीत आहे. म्हणून हे दर तासाला करू नकोस. मुलं हमखास अडखळतात त्या जागा निवड: धारा आणि विभवांतर, समांतर जोडणी, बॅटरीचा अंतर्गत रोध. सत्रभरात एवढ्या झाल्या तरी पुष्कळ.

पहिला फॉर्म तयार झाला की पाठव. प्रश्न तुझा असू दे, चुकीचे पर्याय मी सुचवतो. तेच बनवणं अवघड असतं, आणि इतक्या वर्षांच्या उत्तरपत्रिकांमधून माझ्याकडे ते भरपूर साठलेत.

तुझा,
जुना सर