ऑनलाइन ओळखीचा मित्र ‘जगून काय करू’ म्हणतोय. इथून मी काय करू?

गेम खेळताना ओळख झालेला मुंबईचा मुलगा दोन रात्री ‘आता बस झालं, जगून काय करू’ असं लिहितोय, तुम्हाला त्याचं फक्त नाव माहीत आहे, असं तुम्ही म्हणता. तिसऱ्या रात्रीची वाट बघू नका. आत्ताच सरळ विचारा, ‘जीव द्यायचा विचार मनात येतोय का?’

आपण सवयीने ‘काही वेडंवाकडं करणार नाहीस ना?’ असं विचारतो. त्यात ‘नाही’ हे उत्तर आपणच भरून देतो. समोरचा ‘नाही रे’ म्हणतो आणि बोलणं तिथेच संपतं. स्पष्ट विचारल्याने असा विचार कुणाच्या डोक्यात शिरत नाही. आधीपासून असेल तर बोलायला वाट मिळते.

‘हो’ म्हणाला तर: काही ठरवलंय का, कधी, त्यासाठीची वस्तू हाताशी आहे का, घरात कोण आहे? वस्तू घरातल्या कुणाच्या तरी ताब्यात जाऊ दे, आणि तो माणसांत जाऊन बसू दे. टोकाची लाट बहुतेकदा ओसरते, तेवढा वेळ निभावायचा असतो.

पत्ता तो बोलतोय तोवरच मागा. नुसत्या ‘कांदिवली’वर पोलिसांना घर सापडणार नाही. पूर्व की पश्चिम, रस्ता, सोसायटी, विंग, मजला, घरच्या एकाचा नंबर. धोका या घडीचा वाटला तर 112 या आपत्कालीन नंबरवर फोन लावा. मुंबईबाहेरून लावत असाल तर माणूस मुंबईत आहे हे पहिल्या वाक्यात सांगा. एकाने त्याच्याशी बोलत राहावं, फोन दुसऱ्याने करावा.

टेली-मानस ही सरकारची मानसिक आरोग्य हेल्पलाइन, 14416, मोफत आहे, चोवीस तास, मराठीतही. त्याने नाही लावला तर तुम्ही लावा आणि काय बोलावं ते विचारा. केईएम, सायन, नायर, कूपर या पालिकेच्या रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत. पोलीस केसच्या भीतीने घरचे रुग्णालय टाळतात. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम 115 जीव द्यायचा प्रयत्न केलेला माणूस तीव्र तणावाखाली आहे असं धरतं, त्याला शिक्षेपासून वाचवतं.

‘कुणाला सांगणार नाही’ हे वचन कृपा करून देऊ नका. ‘आईचा तरी विचार कर’ हेही नको. ज्याला आपण घरच्यांवर ओझं झालोय असं वाटतंय, त्याच्या अपराधीपणात त्याने भरच पडते. त्याचे मेसेज ग्रुपवर फिरवले तर तो शरमेने गप्प होईल.

रात्रभर एकट्याने जागू नका, आणखी एका मित्राला सोबत घ्या. आणि सकाळी त्याच्या मेसेजची वाट न बघता तुम्हीच विचारा, ‘उठलास का? चहा घेतलास?’