दंड झाला, पण माझ्या पैशांचे काय?

प्रश्न : मुलाच्या अभ्यासाचे ॲप फोनवरून काढून टाकले, तरी खात्यातून वर्षाची वर्गणी कापली गेली. स्पर्धा आयोगाने गूगलला केलेल्या दंडातून मला भरपाई मिळेल का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : नाही, कारण हे दोन निराळे वाद आहेत. ॲप बनवणाऱ्यांवर प्ले स्टोअरची स्वतःचीच बिलिंग व्यवस्था, म्हणजे ग्राहकाकडून पैसे घेण्याची सोय, लादल्याबद्दल बाजारातील स्पर्धेवर लक्ष ठेवणाऱ्या या आयोगाने २५ ऑक्टोबर २०२२ रोजी ९३६.४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला, जो मार्च २०२५ मध्ये अपील न्यायाधिकरणाने २१६.६९ कोटींवर आणला. दंड मोठा असो वा लहान, तो सरकारी तिजोरीतच जातो. दुसरी बिलिंग व्यवस्था वापरण्याची मुभा गूगलने दिली खरी, पण ॲप बनवणाऱ्यांकडून गूगल घेत असलेल्या कमिशनमध्ये सूट अवघी ४ टक्क्यांची, म्हणजे मुभा जवळजवळ नावापुरतीच. मार्च २०२४ मध्ये याच कमिशनच्या वादात विवाहजुळणी आणि नोकरीविषयक काही भारतीय ॲप्स स्टोअरवरून हटवली गेली आणि सरकारने मध्यस्थी केल्यावर परतली.

आपले दुखणे मात्र साधे आहे. ॲप काढून टाकल्याने वर्गणी रद्द होत नाही. ती प्ले स्टोअरच्या खात्यात जाऊन वेगळी रद्द करावी लागते. तसे आज करा, कापलेल्या रकमेचा संदेश जपून ठेवा आणि परतावा लेखी मागा. दाद न लागल्यास १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा; त्यानंतर सांगलीच्याच जिल्हा ग्राहक आयोगात जाता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क लागत नाही.