छंदाचं विचारा: बाहुलीघरांच्या फेअरला जाताना

प्रश्न: ताई, मी ठाण्याला नौपाड्यात राहते. रिटायर झाल्यापासून क्लेचे छोटे पदार्थ बनवते, मोदक, वडापाव, केळीच्या पानावरचं जेवण असं सगळं. मे महिन्यात मुलाकडे लंडनला जातेय, सून म्हणते तिकडे डॉल्स हाऊस आणि मिनिएचरची फेअर असते तिथे जाऊया. काय बघू, काय घेऊ? आणि वस्तू फार महाग असतात म्हणे.

उत्तर: नक्की जा, पण निघायच्या आधी तुमचं स्केल ठरवून जा, बाकी सगळं नंतर. तिकडे बहुतेक काम १:१२ चं असतं म्हणजे खऱ्यातला एक फूट तिथे एक इंच, सात फुटी दार सात इंचाचं, पाच फुटाची बाई पाच इंचाची. पण शेजारच्याच टेबलावर १:२४ किंवा १:४८ पण मांडलेलं असतं आणि ते इतकं सुंदर असतं की हात जातोच, मग घरी आणून शेजारी ठेवलं की कपाट खुर्चीपेक्षा बुटकं दिसतं. तुमचे मोदकच मोजून बघा ना, खरा मोदक अडीच इंच धरला तर १:१२ मधे तो जेमतेम पाच मिलिमीटरचा, ज्वारीच्या दाण्याएवढा, आणि त्यावर कळ्या पाडायच्या तर सुईचं टोकच लागणार. म्हणून पर्समधे सहा इंची पट्टी आणि भिंग ठेवाच. सॅक असेल तर पाठीवर नको, पुढे घ्या, टेबलांमधली वाट अरुंद असते आणि एक धक्का लागला तर कोणाचं महिनोन्‌महिन्यांचं काम खाली येतं.

तिथली खरी मजा म्हणजे टेबलामागे बऱ्याचदा तो कारागीर स्वतः बसलेला असतो. सगळा हॉल धावत बघण्यापेक्षा चार-पाच टेबलं निवडा आणि नीट विचारा, हा ड्रॉवर कसा सरकतो, वेताची खुर्ची कसल्या धाग्याने विणली, पॉलिश पातळ कसं ठेवलं (जाड थर बसला की बारीक कोरीवकाम बुजतं). फोटो आणि हात लावणं मात्र विचारूनच. किमतीचं म्हणाल तर हाताने केलेली एक इवलीशी खुर्ची खऱ्या खुर्चीपेक्षाही महाग असू शकते आणि ते मला रास्त वाटतं, लाकूड कमी लागलं तरी वेळ कमी लागत नाही, त्यामुळे घासाघीस करू नका प्लीज.

घ्यायचं ते आपल्याला घरी जमणार नाही तेवढंच घ्या, म्हणजे बारीक पितळी बिजागऱ्या, कड्या, आणि १२ व्होल्टचे दिवे. त्यांच्याकडे पण वीज आपल्यासारखी २३० व्होल्टच, त्यामुळे या दिव्यांसाठी वीज १२ व्होल्टवर आणणारा तिथला ट्रान्सफॉर्मर इथे चालतो, फक्त पिनेला अडॅप्टर लागेल. फायरप्लेस आणि छत्रीपलंग राहू द्यात तिकडेच. तुमच्या हातात जेवणाचं पान आहे तर त्याच्याभोवती आपलं घर उभं करा, पाट, चूल, देवघर, दांडीवर वाळत घातलेलं नऊवार. नऊ वार म्हणजे सत्तावीस फूट, म्हणजे तुम्हाला सत्तावीस इंच कापड लागेल, रुंदी चार इंच. कापड जुनं झिरझिरीत मलमल घ्या, नवीन कापडाच्या निऱ्या एवढ्या छोट्या आकारात फुगून उभ्या राहतात. नुसतं नेसवून चालणार नाही, पातळ फेविकॉल लावून एकेक निरी दाबून बसवावी लागेल. असं मराठी घर तिकडच्या टेबलांवर तुम्हाला दिसेल असं मला वाटत नाही, म्हणून तुम्ही ते करावं असं फार वाटतं.

आणि एक दिवस विंडसरला काढा. तिथल्या किल्ल्यात क्वीन मेरीचं बाहुलीघर आहे, १९२४ मधे पूर्ण झालेलं, आपली नवी दिल्ली आखणाऱ्या लट्येन्सनेच केलेलं. तेही १:१२, नळाला पाणी येतं, लिफ्ट आहे, दिवे लागतात. फेअरच्या आधी ते बघितलंत तर तिथे काय विचारायचं ते आपोआप सुचेल.

प्रश्न: नेरूळहून लिहितेय. मुलगी सहा वर्षांची आहे, तिच्या बार्बीच्या घरासाठी अशा मिनिएचर वस्तू चालतील का?

उत्तर: नाही चालणार. बार्बी साडेअकरा इंचाची, म्हणजे ती साधारण १:६ ची, १:१२ ची खुर्ची तिच्या गुडघ्यालाही पोचायची नाही. शिवाय संग्रहाच्या वस्तू खेळायला केलेल्याच नसतात, सुटे भाग बारीक असतात, घरात अजून लहान भावंड असेल तर तोंडात जातील. तिला जुने बुटाचे खोके आणि आईस्क्रीमच्या काड्या द्या आणि बार्बीच्या मापाचा पलंग तिलाच मोजून करू द्या.

प्रश्न: परदेशात जाणं काही शक्य नाही. खारघरच्या आसपास असं काही बघायला मिळेल का? घरात आजीची पितळी भातुकली पण आहे, ती बाहुलीघरात वापरू का?

उत्तर: बेलापूरचं अर्बन हाट तुम्हाला जवळ आहे, तिथे वेगवेगळ्या राज्यांचे कारागीर येतात, लाकडी खेळण्यांवाले असतील तेव्हा जा. सावंतवाडीला कधी गेलात तर चितार आळी चुकवू नका, तिथली रंगवलेली लाकडी फळं बघण्यासारखी असतात, पण मोजून घ्या कारण ती काही बाहुलीघरासाठी केलेली नसतात. भातुकलीचंही तेच, दोन इंची पातेलं १:१२ च्या घरात दोन फुटी होतं, म्हणजे पंगतीच्या स्वयंपाकाचं. त्यामुळे आजीची भांडी वेगळी मांडा, त्यांना त्यांच्याच मापाची चूल आणि फळी करून द्या. चिंच लावून घासा, पॉलिश पावडर नको, काठावरची नक्षी झिजते.