पंधरा मिनिटं गप्प बसून लिहिलेला कोड

प्रश्न : मी इचलकरंजीजवळच्या एका इंजिनीअरिंग कॉलेजात कॉम्प्युटरच्या शेवटच्या वर्षाला आहे. लीटकोड या कोडिंगच्या सरावाच्या वेबसाइटवर अडीचशे प्रश्न सोडवलेत. कॅम्पसला आलेल्या दोन कंपन्यांची लेखी परीक्षा पास झालो, पण टेक्निकल राउंडला दोन्हीकडे गळलो. एकीकडे प्रश्न ओळखीचा होता, पंधरा मिनिटं गप्प बसून कोड लिहिला, तो चाललाही, तरी यादीत नाव नाही. दुसरीकडे जावातल्या हॅशमॅपवर (की दिली की तिच्याशी जोडलेली माहिती झटकन काढून देणारी रचना) अडकलो. पुण्यात साठ हजारांचा क्लास आहे, बाबा कर्ज काढायला तयार आहेत. लावू का? (रेझ्युमे जोडला आहे. त्यात शेवटी ‘मशीन लर्निंगचे ज्ञान’ लिहिलंय, खरं तर एक व्हिडिओ अर्धा पाहिला होता.)

उत्तर : क्लास लावू नकोस. बाबांना आजच सांगून टाक, म्हणजे त्यांचीही झोप वाचेल.

‘पंधरा मिनिटं गप्प बसून’ हे तू सहज लिहून गेलास, पण घोळ तिथेच आहे. त्या पंधरा मिनिटांत समोरच्याला फक्त तुझी खाली घातलेली मान दिसली. उत्तर सुचलं की पाठ होतं, हे त्याला कळणार कसं? मीही काही वर्षं अशा मुलाखती घेतल्या आहेत. गप्प मुलाबद्दल शेरा काय लिहायचा, हा खरंच प्रश्न पडतो.

समज, विचारलं : ४, ९, १, ६ या आकड्यांतून बेरीज १० होणारी जोडी शोध. लगेच कीबोर्डला हात लावू नकोस. आधी विचार, एकच जोडी हवी की सगळ्या? इथे तर दोन निघतात, ४-६ आणि ९-१. तोच आकडा दोनदा वापरलेला चालेल का? मग साधा मार्ग बोलून दाखव : प्रत्येक आकडा बाकीच्या प्रत्येकाशी जोडून बघू. आणि त्याची किंमतही तूच सांग. आकडे एक लाख असतील तर जोड्या सुमारे ५०० कोटी होतात. म्हणून पाहिलेले आकडे हॅशसेटमध्ये, म्हणजे एखादा आकडा आत आहे का हे झटकन सांगणाऱ्या साठ्यात, ठेवत जाऊ, आणि ९ आला की ‘१ येऊन गेलाय का’ एवढंच विचारू. यादीवरून एकच फेरी, पण जास्तीची मेमरी लागते. हे बोलणं झालं की कोड दहा ओळींचा उरतो. त्यात एखादी चूक राहिली तरी समोरचा बहुतेक वेळा स्वतःच इशारा देतो. तो घे, त्यात कमीपणा नाही.

हे आधी मराठीतून कर. रूममेटला समोर बसव, त्याला कोडिंग येत नसेल तर उत्तमच. रोज एकच प्रश्न, मोठ्याने. आठवड्याने तेच इंग्रजीतून बोल. व्याकरण मोडकं असलं तरी चालतं, मधली शांतता चालत नाही.

आता हॅशमॅप. रेझ्युमेत तू जावा लिहिलंस, म्हणून तो प्रश्न आला. हॅशकोडवरून, म्हणजे कीवरून काढलेल्या आकड्यावरून, खाना ठरतो, सुरुवातीला खाने १६ असतात, दोन कीज एकाच खान्यात आल्या की साखळी होते, आणि २०१४ च्या जावा ८ पासून साखळी फार लांबली तर तिचं झाड होतं. एवढं पाठ करायला दहा मिनिटं पुरतात, पण पुढच्याच प्रश्नाला तू परत अडकशील. त्यापेक्षा रोल नंबर असलेला ‘स्टुडंट’ क्लास लिही. त्यात इक्वल्स (दोन ऑब्जेक्ट सारखे कधी मानायचे ते ठरवणारी मेथड) रोल नंबरप्रमाणे बदल आणि हॅशकोड मुद्दाम विसर. मॅपमध्ये की म्हणून एक विद्यार्थी टाक आणि त्याच रोल नंबरचा नवा ऑब्जेक्ट करून त्याला शोध. बहुधा नलच, म्हणजे ‘काही सापडलं नाही’, हाती येईल. का, ते शोधायला एक संध्याकाळ जाऊ दे.

एसक्यूएल या डेटाबेसमधून माहिती काढायच्या भाषेसाठी दोन रविवार पुरेत. दुसऱ्या क्रमांकाचा पगार काढ, पण सर्वांत मोठा पगार दोघांना असताना काय होतं तेही बघ. लोक नेमके तिथे फसतात.

प्रोजेक्ट चौघांनी मिळून केलाय, तर तुझ्या वाट्याचा भाग नेमका कोणता, हे दोन वाक्यांत सांगता आलं पाहिजे. आणि ‘मशीन लर्निंगचे ज्ञान’ ही शेवटची ओळ? पत्रात तू स्वतःच लिहिलंस की एक व्हिडिओ अर्धा पाहिला होता. ती आज रात्री काढून टाक.