फिस्काल, पोतं आणि दुसरी गुंडाळी

प्रश्न असा आला आहे: ‘कोलंबियाच्या एका बातमीच्या मराठी रूपात राजकोषीय महाधिकाऱ्यांनी खटला भरला, असं वाचलं. तिजोरी सांभाळणारा माणूस खटला कसा भरतो? त्याच बातमीतल्या प्रोकुरादोर आणि कोन्त्रालोर यांना मराठीत काय म्हणायचं?’

तो तिजोरी सांभाळत नाही हो. स्पॅनिशमधला फिस्काल म्हणजे फौजदारी खटले चालवणारा सरकारी वकील आणि त्याचं कार्यालय ती फिस्कालीआ. इंग्रजी ‘फिस्कल’चं बोट धरून ‘राजकोषीय’ लिहिलेलं दिसलं की मी कपाळावर हात मारतो. गंमत एवढीच, की चूक करणाऱ्याला मुळाचा वास बरोबर लागलेला असतो, फक्त दोन हजार वर्षं उशिरा.

लॅटिनमध्ये फिस्कुस म्हणजे विणलेली टोपली. ऑलिव्ह पिळायला ती वापरत, पैसे ठेवायलाही वापरत. पुढे रोमन सम्राटाच्या खजिन्यालाच फिस्कुस म्हणू लागले. (जनतेचा खजिना वेगळा, तो सॅटर्नच्या देवळात.) या टोपलीच्या वतीने कोर्टात भांडायला सम्राट हेड्रियनने वकील नेमले. तीच प्रथा स्पेनमधल्या कास्तीलच्या राजांकडे आली आणि समुद्र ओलांडून मेक्सिको आणि लिमाच्या वरिष्ठ न्यायालयांत राजाचा फिस्काल बसू लागला. गुन्हेगाराची मालमत्ता जप्त झाली की ती राजाच्या टोपलीत पडायची. ‘कॉन्फिस्केट’मध्ये हीच टोपली आहे. मग आरोप ठेवण्यात टोपलीवाल्यालाच रस असणार, हे माझं मत.

आता माझा लाडका मुद्दा. आपल्याकडे रोकड ठेवायचा पोतनीस आणि नाणी पारखायचा पोतदार. यातलं ‘पोत’ म्हणजे फार्सी फोता, पैशाची थैली. मोगलांचा परगण्याचा खजिनदार फोतादार आणि काश्मिरी पंडितांचं फोतेदार हे आडनावही त्यातलंच. म्हणजे पोतदार आणि फिस्काल एकाच कल्पनेची पोरं, एक थैलीचं, दुसरं टोपलीचं. कुणी पोतदाराचा संबंध संस्कृत पोताशी, म्हणजे जहाजाशी, लावू लागला तर त्याला एवढंच विचारा, की देशावरच्या पोतदारांनी जहाजं कुठल्या ओढ्यात नांगरली होती? आमचा पोतदार नाणी घासत राहिला. स्पेनचा टोपलीवाला काळा झगा घालून आरोपपत्र वाचू लागला.

काही शहाणे ‘फिस्काल खेनेराल’चं, म्हणजे फिस्कालीआच्या प्रमुखाचं, भाषांतर ‘महान्यायवादी’ करतात. हे राजकोषीयपेक्षा वाईट, कारण बरोबर वाटतं. आपले महान्यायवादी केंद्र सरकारचे कायदेशीर सल्लागार. कोलंबियाची फिस्कालीआ 1991च्या राज्यघटनेने निर्माण केली, ती न्यायव्यवस्थेचा भाग आहे आणि तिचा प्रमुख राष्ट्राध्यक्षांनी पाठवलेल्या तीन नावांतून तिथलं सर्वोच्च न्यायालय निवडतं. ‘महाअभियोक्ता’ लिहा, नाहीतर सरळ ‘मुख्य सरकारी वकील’.

प्रोकुरादोर म्हणजे दुसऱ्याच्या वतीने काळजी वाहणारा, आपला मुखत्यार. पण तो कुणाचा मुखत्यार, हे देशागणिक बदलतं. स्पेनमध्ये तो पक्षकाराच्या वतीने कोर्टातली कागदपत्रं बघतो. अर्जेंटिनात सरकारी वकिलांचा मुख्य. मेक्सिकोतही तसाच होता, 2019पासून तिथेही फिस्काल आले. कोलंबियात मात्र तो सरकारी नोकर आणि लोकप्रतिनिधींवर शिस्तीची कारवाई करतो. 2013मध्ये बोगोताचे महापौर गुस्ताव्हो पेत्रो यांना बडतर्फ करून 15 वर्षं अपात्र ठरवलं ते प्रोकुरादोरने, फिस्कालने नव्हे. 2020मध्ये आंतर-अमेरिकी मानवाधिकार न्यायालयाने यात पेत्रोंच्या हक्कांचा भंग झाल्याचा निकाल दिला आणि 2022मध्ये पेत्रो राष्ट्राध्यक्ष झाले. तेव्हा देश बघितल्याशिवाय या शब्दाचं भाषांतर करू नका. (स्कॉटलंडचा सरकारी वकील दोन्ही शब्द एकदम वापरतो: प्रोक्युरेटर फिस्कल.)

राहिला कोन्त्रालोर. हा सरकारी खर्च तपासणारा. कोलंबियात 1923 आणि चिलीत 1927 साली ही कार्यालयं निघाली, दोन्हीकडे केमरर या अमेरिकी प्राध्यापकाच्या सल्ल्यावरून. शब्द फ्रेंचमधून आलेला, अर्थ ‘उलटी गुंडाळी’: एका कारकुनाच्या हिशेबाच्या गुंडाळीशी ताडून बघायला दुसऱ्याने ठेवलेली गुंडाळी. याचा संबंध ‘मोजणे’शी आहे या गैरसमजातून इंग्रजांनी त्यात नसता ‘प’ घुसवला आणि तो ‘कॉम्प्ट्रोलर’ आपल्या राज्यघटनेच्या इंग्रजी पाठात, ‘कॅग’च्या कलम 148मध्ये जाऊन बसला. मराठीत आपण ‘नियंत्रक’ म्हणतो, कोन्त्रालोरलाही तेच चालेल. पण या गुंडाळीचं लॅटिन मूळ रोता, म्हणजे चाक. आणि रोताचं सख्खं चुलत भावंड संस्कृतात कोण, माहीत आहे? रथ!