झोपण्याआधी काय वाचावं?

प्रश्न : सासरे रात्री वाचून दाखवायला सांगतात. कुणाच्या तरी आयुष्यातलं, गमतीचं आणि दहा मिनिटांत संपणारं हवं. काय वाचू? – एक सूनबाई, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : सूनबाई, आधी लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ आणा. पहिला भाग १९३४ साली आला, पण भाषा अजून समोर बसून बोलल्यासारखी आहे. वडिलांचं कडक सोवळं, घरातून न सांगता निघून जाणारे त्यांचे पती, कवी ना. वा. टिळक... एकेक प्रसंग सुटा वाचता येतो. प्लेगची, आजारपणाची पानं मात्र दुपारी वाचा, रात्री नकोत. मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयात विचारा. सयाजीरावांनी १९१० साली सुरू केलेल्या त्या ग्रंथालयात मराठी पुस्तकं आहेत.

आणि सासऱ्यांनाही बोलतं करा हो! माझी आजी रावपुऱ्यातली. गच्चीत लोणच्याची बरणी उन्हात ठेवली होती. माकडानं बरणीच्या तोंडाला बांधलेला कापडी दादरा सोडला, खांद्यावर टाकला, कैरीची फोड तोंडात घातली आणि तिखट लागताच बरणीकडे पाठ करून रुसून बसलं. आजी काठी घेऊन वर गेली, ती त्याचं तोंड बघून हसतच खाली आली. आम्ही रोज हीच गोष्ट मागायचो, आणि आजी दर वेळी माकडासारखी पाठ फिरवून दाखवायची.

‘तुमच्या शाळेत सर्वांत खोडकर कोण होतं?’ एवढंच विचारा. सांगताना मध्ये दुरुस्त्या करू नका. सकाळी वहीत लिहून ठेवा, त्यांच्याच शब्दांत.